एकोणतीस भरत्या

हे लिहायचं मी जवळजवळ सोडूनच दिलं होतं. दोनदा सुरुवात केली आणि दोनदा पुसून टाकली. कारण सोपं आहे. पेपरात आलेल्या बातमीत मी चांगला दिसतो. 'आडबंदरच्या तरुणाच्या यंत्रामुळे ध्रुवावरचे नऊ जण बचावले.' बातमी खोटी नाही. फक्त त्यात मधले अकरा दिवस नाहीत, आणि ते अकरा दिवस माझे आहेत.

मी प्रणित कुबल. आडबंदरच्या धक्क्यावर माझं दुकान आहे. होड्यांवरचे वायरलेस आणि मासे शोधायची यंत्रं दुरुस्त करतो. आयटीआय एक वर्ष केलं, मग सोडलं. बाकीचं सगळं उघडून बघून शिकलो. म्हणजे मला पुष्कळ गोष्टी करता येतात, पण त्यांची नावं येत नाहीत.

आयटीआयत माझ्या बाकावर नेल्सन डिसोजा बसायचा. सावंतवाडीचा. तो टिकला, शिकला, आणि आता अंटार्क्टिकावर बर्फात भोक पाडायच्या यंत्रावर काम करतो. त्यांच्या तळाचं नाव मुक्काम सात. माणसं नऊ, तंबू पाच, आणि खाली अकराशे मीटर बर्फ. त्या बर्फाच्या अगदी तळाशी लाखो वर्षांपूर्वीची हवा बुडबुड्यांत अडकलेली असते. ती वर काढायची म्हणून सगळा खटाटोप.

भोकात त्यांनी एक काचेची बारीक तार सोडली होती. तिला ते ऐकतार म्हणतात. तारेतून प्रकाश जातो, बर्फ कुठे तडकलं की तार केसभर ताणली जाते, प्रकाश बदलतो, आणि वरच्या यंत्राला कळतं की अमुक मीटरवर बर्फ टिचकलं. हा सगळा आवाज शाळांसाठी खुला होता. नेल्सनने मला कळवलं, मी आमच्या शाळेच्या बाईंना.

आमची जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते चौथी, पोरं एकोणीस. धुरी बाई एकट्याच चारी वर्ग सांभाळतात. मला म्हणाल्या, "आवाज ऐकवून काय होणार रे? ही पोरं समुद्राच्या आवाजात झोपतात. त्यांना कायतरी अंगाला लागलं पाहिजे."

म्हणून मी कंपनपाट केला. दहा फूट बाय आठ फूट, फणसाच्या फळ्यांचा. खाली जुन्या गाड्यांच्या स्पीकरमधले चोवीस लोहचुंबक. बर्फ तिथे टिचकलं की इथे फळीला टिचकी बसते. पोरं मांडी घालून बसली की ती टिचकी बुडाखाली कळते.

पण बर्फ फार सावकाश वागतं. खरोखरीच्या वेळेत ऐकवलं असतं तर पोरं झोपली असती. म्हणून काळदाब घातला. एक दिवस दोन मिनिटांत. म्हणजे पंधरा दिवस तीस मिनिटांत, बरोब्बर एक तासिका.

मुक्काम सातकडून आलेल्या चाळीस पानांच्या पुस्तिकेत गाळणी म्हणून एक भाग होता, नको ते आवाज काढून टाकायचा. मी बाराव्या पानावर जोडणी सुरू केली आणि पाट वाजायला लागला. पुढची पानं मी वाचली नाहीत.

दर शुक्रवारी अकरा वाजता नेल्सन पडद्यावर यायचा. पोरं त्याला मामा म्हणायची. प्रश्न असे:

"मामा, थंय पेंग्विनाचा कालवण करतत काय?"

"नाही रे बाबा. त्यांना हात लावायचा नसतो. आणि आमच्याकडे ते येतही नाहीत, समुद्र लांब आहे."

"सूर्य बुडत नाय तर दुपारची झोप कधी?"

"घड्याळ सांगतं तेव्हा. बारा तास मी यंत्रावर, बारा तास दुसरा. दिवसातून दोन पाळ्या."

"तुमच्या खाली काय आसा?"

"बर्फ."

"त्याच्या खाली?"

"आणखी बर्फ. मग खडक."

हे विचारणारी दुर्वा तांडेल, तिसरीतली. बाप मोठ्या होडीवर तांडेल आहे, म्हणजे होडी कुठे न्यायची ते तो ठरवतो. दुर्वालाही घरात तसंच बोलायची सवय. एकदा प्रश्न धरला की सोडत नाही.

आता शाळेतली एक पद्धत सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. धुरी बाई रोज सकाळी पाऊणकी म्हणून घेतात. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन. बाकीच्या शाळांनी हे कधीच सोडलं. आमच्याकडे ते उपयोगाचं आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला खाडी भरणार. रोज भरती पाऊण तास उशिरा. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, पाणी रस्त्यापर्यंत. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे मवाळ भरती, होडीला ढकलावं लागतं. ही पोरं 'क' काढायच्या आधी हे शिकतात.

तर पाट बसवून तीन महिने झाले होते. पोरं बसली होती, मी वायरी बघत होतो. टिचक्या पडत होत्या, आधी तुरळक, मग दाट, मग पुन्हा तुरळक. दुर्वा डोळे मिटून बसली होती. टिचक्या दाट झाल्या तशी म्हणाली, "भरती इली."

मग तुरळक झाल्या. "गेली."

बाजूचा ओजस म्हणाला, "होय गो." आणि मग एकोणीसच्या एकोणीस पोरं सुरू झाली. इली. गेली. इली. गेली. बाई हसत होत्या.

मी हसलो नाही. मला वाटलं पाट बिघडला. शाळेपासून खाडी चाळीस पावलांवर. नक्कीच आपल्याच समुद्राची थरथर फळ्यांत शिरते आहे.

त्याच्या दोन महिने आधी मी नेल्सनला मोठ्या उत्साहाने कळवलं होतं की तुमच्या बर्फात दर वीस मिनिटांनी काहीतरी घुमतं. तो शाळेच्या पाण्याचा पंप निघाला. एक वायर चुकीच्या ठिकाणी जोडली होती. मुक्काम सातवर नऊ जण महिनाभर माझं नाव काढून हसले. एकाने तर पंपाचं चित्र काढून पाठवलं. त्यामुळे या खेपेला ठरवलं, आधी स्वतः तपासायचं.

पहिल्या दिवशी पाटाखाली रबराच्या ट्यूबा घातल्या. फरक नाही. दुसऱ्या दिवशी टेम्पोत घालून पाट सड्यावर नेला, समुद्रापासून सात किलोमीटर, नुसता जांभा दगड. मांडला, बसलो, तीच भरती. तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानात चहा पिताना मला कळलं की मी किती बावळट आहे. पाटाला ऐकायला काही नव्हतंच. त्यात माईक नाही, कंपन पकडणारं काही नाही. पाटाला नुसतं तोंड होतं, कान नव्हता. तो आमचा समुद्र ऐकूच शकत नव्हता. जे येत होतं ते तिथूनच येत होतं.

हे तिसऱ्या दिवशी कळलं. पुढचे आठ दिवस मी कुणाला काही बोललो नाही.

बातमीत हेच नाही. मी आणखी चाचण्या करत नव्हतो. रोज दुकान उघडत होतो, वायरलेस दुरुस्त करत होतो, आणि नेल्सनचा मेसेज आला की अंगठा पाठवत होतो. मला दुसरं पंपाचं चित्र नको होतं.

मधल्या शुक्रवारी तिकडे वादळ होतं, नेल्सन पडद्यावर आलाच नाही. अकराव्या दिवशी पुढचा शुक्रवार आला. मार्गशीर्षातली वद्य चतुर्थी. बाई सकाळीच म्हणाल्या, "प्रणित, तू मामाला सांगितलंस का पोरं काय म्हणतात ते?"

"सांगतो बाई. खात्री करतोय."

"कसली खात्री? एवढ्या दिवसांत माझी पोरं बेरीज शिकतात."

अकरा वाजता नेल्सन पडद्यावर आला, दाढीला बर्फ, हातात कप. आणि माझ्या आधी दुर्वा उठली.

"मामा, तुमच्या खाली समुद्र आसा."

नेल्सन हसला. "नाही गं बाय. समुद्र इथून पासष्ट किलोमीटरवर."

"भरती येता मा पण."

"कसली भरती?"

"पाटावर येता."

नेल्सनने माझ्याकडे बघितलं. "प्रण्या, पुन्हा पंप का?"

त्याच्या मागून कुणीतरी चाललं होतं. थांबलं. त्या डॉ. शर्वरी पाटणकर होत्या, तळाच्या प्रमुख, बर्फाच्या अभ्यासातलं मोठं नाव. मी त्यांना आधी एकदाच पडद्यावर बघितलं होतं. त्या वाकून म्हणाल्या, "काय म्हणाली ती मुलगी?"

मला सांगावंच लागलं. पाट, टिचक्या, पहिल्या दिवशीच्या ट्यूबा, दुसऱ्या दिवशीचा सडा, तिसऱ्या दिवशीचा चहा. त्यांनी मध्ये कुठेही तोडलं नाही. शेवटी विचारलं, "गाळणी कुठली लावलीयत?"

"लावलीच नाही, मॅडम."

"का?"

"ते पान वाचलं नाही."

डॉ. पाटणकर पोरांकडे वळल्या आणि अगदी साधं विचारलं, "तुमच्या खाडीत होडी असते. भरती आली की होडी वर जाते, बरोबर?"

"होय," सगळी पोरं.

"आणि काठावरचा दगड?"

"दगड कित्याक जायत?" दुर्वा.

"तेच. आमचं बर्फ दगडासारखं जमिनीवर टेकलेलं आहे. जिथे जमीन संपते आणि बर्फ पाण्यावर तरंगायला लागतं त्या रेषेला आम्ही टेकरेषा म्हणतो. रेषेच्या पलीकडचं बर्फ होडी आहे. रोज वर-खाली होतं, वाकतं, आणि वाकताना टिचकतं. अलीकडचं बर्फ दगड आहे, त्याला भरती कळत नाही. आमची टेकरेषा इथून पासष्ट किलोमीटर लांब आहे."

"मग टिचक्या दाट कशाक होतत?"

"आमच्याकडे दिवसातून दोनदा पाळी बदलते. यंत्र थांबतं, सुरू होतं, भोकातलं पाणी तापतं, निवतं. त्याने बर्फ टिचकतं. दर बारा तासांनी. आपली गाळणी तेच काढून टाकते, बारा तासांच्या आसपासचं सगळं." हे त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. "तुम्ही गाळणी लावली नाहीत, म्हणून तुम्हाला आमच्या पाळ्या ऐकू येतायत."

झालं. पंप नव्हता तर पाळी होती. नेल्सन कपात तोंड घालून हसू दाबत होता, मला दिसत होतं.

पण धुरी बाई उठल्या. बाई कधी मोठ्या माणसांच्या मध्ये बोलत नाहीत. म्हणाल्या, "मॅडम, एक विचारू? तुमची पाळी रोज त्याच वेळेला बदलते ना?"

"हो. सहा आणि सहा."

"म्हणजे पंधरा दिवसांत तीस वेळा."

"हो."

"आमच्या खाडीत पंधरा दिवसांत तीस भरत्या येत नाहीत. रोज पाऊण तास उशीर, पंधरा पाऊण सव्वाअकरा. पंधरवड्यात जवळजवळ बारा तास मागे पडतात. एक भरती कमी होते. एकोणतीस येतात." मग पोरांकडे बघून, "मोजलंय का रे कुणी?"

कुणी मोजलं नव्हतं. मीही नाही.

"मॅडम, तीस मिनिटं आहेत का तुमच्याकडे?"

डॉ. पाटणकर खुर्ची ओढून बसल्या.

मी मागच्या पंधरा दिवसांचा आवाज लावला. एकोणीस पोरं पाटावर. बाईंनी एकेका इयत्तेला एकेक काम दिलं. पहिलीने दर भरतीला एक शिंपला डब्यात टाकायचा, दुसरीने फळ्यावर रेघ ओढायची, तिसरीने बोटांवर मोजायचं, चौथीने वहीत लिहायचं. म्हणजे चुकलं तर कळेल. दहाव्या भरतीला पहिलीतल्या एकाला शू लागली, त्याला सोडलं. मधे टिचक्या अगदी मवाळ झाल्या, दोन-तीन भरत्या तर फळीला कान लावून पकडल्या पोरांनी. "भांग," चौथीतला एक म्हणाला. मग पुन्हा जोर चढत गेला.

थांबलं तेव्हा फळ्यावर एकोणतीस रेघा होत्या. वहीत एकोणतीस. बोटांवर एकोणतीस. डब्यात अठ्ठावीस शिंपले आणि शू करून आलेला मुलगा.

पडद्यावर नेल्सन आता हसत नव्हता.

"घड्याळावर चालणारं तीस वेळा झालं असतं," डॉ. पाटणकर हळू म्हणाल्या, जणू स्वतःला समजावत. "एकोणतीस म्हणजे चंद्र." मग लगेच, "पण लांबचा धक्का बर्फातून आत येऊ शकतो. टेकलेल्या बर्फालाही पलीकडून भरतीचा रेटा बसतो. त्याने टिचकेल. टिचकलं म्हणजे तरंगतंयच असं नाही. तरंगत असेल तर ते वर-खाली व्हायला हवं. नेल्सन, उंचीखुंटा काय सांगतो?"

उंचीखुंटा म्हणजे बर्फात रोवलेला एक खांब. उपग्रहावरून तो आपली उंची मोजतो.

"स्थिर आहे मॅडम. चार महिने."

"तो आकडा कसा काढतोस?"

"दिवसभराची सरासरी."

नेल्सनने हे वाक्य बोलून संपवायच्या आधीच त्याला कळलं. मलाही. दिवसातून दोनदा वर गेलं आणि दोनदा खाली आलं की सरासरी जागेवरच राहणार.

"सरासरी काढू नकोस. कच्चे आकडे दे."

सात-आठ मिनिटं लागली. पोरं कंटाळून पाटावर उड्या मारायला लागली, बाईंनी त्यांना खाऊच्या सुट्टीला सोडलं. दुर्वा गेली नाही. नेल्सन परत आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "नऊ सेंटिमीटर. वर आणि खाली."

अकराशे मीटर जाड बर्फ, त्यावर पाच तंबू, भोक पाडायचं चौदा टनाचं यंत्र, नऊ माणसं. आणि ते सगळं खाडीतल्या होडीसारखं दिवसातून दोनदा नऊ सेंटिमीटर उचललं जात होतं. खालून समुद्र पासष्ट किलोमीटर आत आला होता.

"म्हणजे अगदी खालचं बर्फ, ती जुनी हवा," नेल्सन म्हणाला.

"धुऊन गेलं असणार," डॉ. पाटणकर म्हणाल्या. "पाच वर्षं आपण खाली जातोय, आणि खाली काही नाही." मग त्यांनी बाईंना विचारलं, "अमावस्या कधी?"

"अकरा दिवसांनी. आणि या अमावस्येचं उधाण वर्षातलं मोठं. चंद्र जवळ असतो."

"वाकणारं बर्फ उधाणाला सगळ्यात जास्त वाकतं," त्या म्हणाल्या, आणि उठून गेल्या. पडदा चालूच होता. मागे आवाज येत होते, कुणीतरी म्हणत होतं की तिसरीतल्या पोरीच्या सांगण्यावरून तळ हलवायचा का. डॉ. पाटणकरांचं उत्तर ऐकू आलं, "तिच्या नाही. तिने दाखवलेल्या नऊ सेंटिमीटरच्या."

दोन दिवसांत त्यांनी बाडबिस्तरा आवरला आणि अठरा किलोमीटर आत गेले. नकाशाप्रमाणे तिथे खाली खडक उंच होता, पाणी शिरणं शक्य नव्हतं. नवीन जागी ऐकतार जेमतेम ऐंशी मीटर सोडली आणि आवाज थेट आमच्याकडे वळवला, गाळणीशिवाय. दोन दिवस ऐकून मी पाट लावला. चार मिनिटांत संपला. टिचक्या तुरळक, एकसारख्या. दाट नाही, विरळ नाही.

"काय नाय," पोरं म्हणाली.

पडद्यावर टाळ्या वाजल्या. नेल्सनने वर केलेला अंगठा दाखवला. खांबाची उंचीही हलत नव्हती, म्हणजे हलत असली तरी मोजमापाच्या चुकीत बसेल एवढीच. त्यांनी मोठं यंत्र गाडीवरून उतरवायला घेतलं. एकदा ते उतरवून जोडलं की पुन्हा उचलायला पाच दिवस. मी वायरी गुंडाळायला लागलो.

दुर्वा पाटावरून उठली नव्हती.

"बाई, आज अष्टमी आसा."

"हो गं."

"आज आमच्याच खाडीत काय नाय. थंय कसा कळतला?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी वायर खाली टाकली. या खेपेला मी एक मिनिटसुद्धा थांबलो नाही. माईक ओढला आणि सरळ बोललो, "मॅडम, यंत्र उतरवू नका. आज भांग आहे. आज भरती असली तरी एवढी बारीक की पाटावर लागणार नाही. आजच्या शांततेला अर्थ नाही."

मागे कुणीतरी कपाळावर हात मारल्याचं दिसलं. डॉ. पाटणकरांनी डोळे मिटले आणि उघडले. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "हे मला सुचायला हवं होतं. यंत्र गाडीवरच राहू दे."

ते चार दिवस फार वाईट गेले त्यांचे. यंत्र गाडीवर, इंजिन गार होऊ नये म्हणून चालू, इंधन जळतंय, आणि माणसं नुसती बसून. नेल्सनचा रोज एकच मेसेज यायचा, "काय म्हणतायत पोरं?" दशमीला पोरं म्हणाली काही नाही. एकादशीला ओजस म्हणाला वाटतंय, दुर्वा म्हणाली नाय वाटत, दोघांचं भांडण झालं. द्वादशीला भांडण नव्हतं. फळीवर नाजूक, पण स्पष्ट, टिचक्या दाट झाल्या आणि विरळ झाल्या.

"इली," दुर्वा म्हणाली. तिला आनंद झाला नव्हता.

अठरा किलोमीटर आतही समुद्र होता. नकाशातल्या त्या उंच खडकाला वळसा घालून गेला होता.

ते निघाले आणि थांबले ते जुन्या जागेपासून एकेचाळीस किलोमीटरवर. पोहोचले चतुर्दशीला. अमावस्येचा दिवस आला. आमच्याकडे दुपारी पाणी शाळेच्या पायरीला लागलं होतं, पोरं ओल्या पायांनी आत आली होती. डॉ. पाटणकर पडद्यावर होत्या, बाकीचे आठही जण त्यांच्या मागे दाटीने उभे. प्रतिपदेपर्यंतचा आवाज जमवला आणि दुसऱ्या दिवशी पाट लावला. सहा मिनिटं.

टिचकी. टिचकी. थोड्या वेळाने टिचकी.

एकोणीस पोरं श्वास धरून बसली होती. बाहेर आमची खाडी भरून वाहत होती आणि आत फळी मुकाट होती. सहा मिनिटं संपली. मी पुन्हा लावला. पुन्हा संपली.

दुर्वाने पहिलीतल्या पोरांकडे बघितलं, ओजसकडे बघितलं, आणि मग पडद्याकडे.

"हय बसा," ती म्हणाली. "हय दगड आसा."

नऊ माणसांपैकी दोघं खालीच बसली, खरोखर.

डॉ. पाटणकरांनी तिला विचारलं, तुला काय हवं. दुर्वाने विचार केला. "इतक्या आत पाणी गेला तर आमच्या खाडीत किती येतला?"

आत्तापर्यंत त्यांनी प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं होतं. या खेपेला थांबल्या. "होडी आधीच पाण्यात असेल तर पाणी वाढत नाही. पण जे बर्फ दगडावर होतं आणि आता पाण्यात उतरतंय, त्याने वाढतं. किती, ते मला अजून माहीत नाही. तू पाचवीत जाशील तोवर मोजून सांगेन."

"बरां," दुर्वा म्हणाली, आणि पाचवीपर्यंत किती महिने ते बोटांवर मोजायला लागली.

त्याच संध्याकाळी उपग्रहाचं चित्र आलं. मुक्काम सातच्या जुन्या जागेवरून एक भेग गेली होती, उधाणाच्या दिवशी उघडलेली, दोन किलोमीटर लांब. नेल्सनने त्याच्यावर बोटाने एक ठिपका काढून मला पाठवला. खाली लिहिलं होतं, "माझा पलंग."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने मला एकट्याला फोन लावला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. जेवणाचं, आईच्या गुडघ्याचं. मग म्हणाला, "बाईंनी मला सांगितलं. पोरांना अकरा दिवस आधीच कळलं होतं."

"हो."

"आणि तुला तिसऱ्या दिवशी."

"हो."

"आठ दिवस तू अंगठे पाठवत होतास, प्रण्या."

मी म्हटलं, तू हसला असतास.

"हसलो असतो. नक्कीच हसलो असतो." "मग हसलो असतो तर काय झालं असतं? मेला असतास का? मेलो आम्ही असतो."

तिकडे वारा तंबूला झोडपत होता. तो रागावलेला नव्हता, त्यामुळे जास्त लागलं.

"ऐक," तो म्हणाला. "इथे आम्ही दोन वर्षं राहणार. खाली पाणी सरकतंच आहे. आज दगड आहे, पुढच्या पावसाळ्यात असेल की नाही कुणाला ठाऊक. आमची यंत्रं सरासरी काढतील, गाळण्या लावतील, आणि मोठी माणसं खात्री करत बसतील. मला तुझी खात्री नकोय."

"मग काय हवं?"

"कळलं त्या दिवशी सांग. कच्चं असलं तरी, चूक असलं तरी."

मी त्याला शब्द दिला. म्हटलं, पोरांपैकी कुणीही पाटावर तोंड उघडलं, तर त्यांची तासिका संपायच्या आत तुझा फोन वाजेल, आणि तू हसलास तर हस, पण फोन उचल.